टीप कोणाची

"टीप कोणी दिली?" वकीलबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"कोणी नाही हो, मॅडम. माझ्या डोक्याने काढलं," भिंगवाला म्हणाला.

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारा माणूस तो. 'निखारा'च्या चाहत्यांत त्याचं नावच भिंगवाला पडलं होतं, कारण या महानायकाचा प्रत्येक सिनेमा तो थांबवून थांबवून, पडद्याला नाक लावून बघायचा. सहा दिवसांपूर्वी त्याने इंटरनेटवर एकच ओळ लिहिली. एकोणिसाव्या भागात निखाऱ्याचा उजवा हात मनगटापासून जाणार. ज्या हातातून आग निघते, तोच. आणि हे सिनेमे काढणाऱ्या कंपनीने कुलपात ठेवलेल्या पटकथेत नेमकं तेच लिहिलेलं होतं.

ही गोष्ट कंपनीत फक्त नऊ जणांना माहीत होती. त्यांतली एक भिंगवाल्याची सख्खी थोरली बहीण. निखाऱ्याचे कपडे बावीस वर्षं तीच शिवत होती, आणि उजवी बाही मनगटाशी बंद केलेला पोशाख सध्या तिच्याच मशीनवर होता. आत्ता ती दाराबाहेर बाकावर बसली होती. तिचं ओळखपत्र काढून घेतलं होतं. टेबलावर तिच्या राजीनाम्याचा कागद तयार होता, सही तेवढी बाकी.

"मग सांगा, कसं काढलंत डोक्याने?"

विषय निखाऱ्याचा निघाला की भिंगवाल्याला राहवत नसे. "अठरा भाग झाले, वर सात मालिका. केवढा तो पसारा! मेलेले उठून बसतात, तुटलेलं सांधतं, कशाचं काही वाटेनासंच झालंय. चाहत्यांचे तीन तट पडलेत. एक म्हणतात नवी पोरगी आणा, दुसरे म्हणतात जुनाच हवा, उरलेले म्हणतात आता दुकान बंद करा. मी एकटा कोकलतोय, बाबांनो, एकदा तरी काहीतरी कायमचं जाऊ द्या!" त्याचा आवाज चढला. "आणि मग मला दिसलं. अकराव्या भागात उजव्या बाहीवर, मनगटाशी, एक काळी रेघ. बाराव्यात दोन. अठराव्यात आठ! डावी बाही कोरी. मॅडम, तुम्ही लोक त्या हाताचे दिवस मोजताय. आता मनगट भरलं. पुढे काय राहिलं?"

भिंतीशी बसलेला पटकथालेखक खाली बघत होता.

"हे कधी सुचलं तुम्हाला?"

"तीन वर्षांपूर्वी. सविस्तर लिहिलं होतं."

"तीन वर्षांपूर्वी हा शेवट आमचाच ठरला नव्हता. दाखवा, कुठे लिहिलंय."

भिंगवाला दाखवणार काय, कपाळ! चाहत्यांच्या इंटरनेटवरच्या त्या पानावर तिन्ही तटांनी एकमेकांचा असा उद्धार केला होता, की चालवणाऱ्याने वैतागून सगळंच पुसून टाकलं होतं.

ताईला आत बोलावलं. ती उभीच राहिली.

"सरळ विचारते," वकीलबाई म्हणाल्या. "टीप तुमचीच ना?"

"हो, माझीच."

भिंगवाला ताडकन उठला. "ताई, अगं काय बोलतेस!"

"खोटं कशाला बोलू? अकराव्यापासून दर भागाला एक."

"दर भागाला?" वकीलबाईंचं पेन थांबलं. "आणि कोणाला विचारलंही नाहीत?"

"आता टीप मारायला कोणाला विचारायचं?" ताईला बाहेर कोणी काही सांगितलं नव्हतं. भावाचा चढलेला आवाज तेवढा दारातून ऐकू आला होता, बाही, मनगट, काळी रेघ. "आतून आगीच्या दिव्याची वायर जाते, तिथे कापड विरतं. नट ती बाही बदलू देत नाही, लाभते म्हणतो. मग घालते दर वेळी आणखी एक टीप. लाल दोरा उसवतो, काळा टिकतो. एवढ्यासाठी मला दोन तास ताटकळत ठेवलंत?"

भिंगवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षं ज्या रेघांपायी तो जगाशी भांडला, ती नुसती डागडुजी होती.

पण वकीलबाई हसल्या नाहीत. "म्हणजे त्या रेघांना अर्थच नव्हता. आणि नसलेल्या अर्थावरून यांनी आमचा शेवट बरोब्बर ओळखला? तोच हात, तीच जागा? हे कोणाच्या गळी उतरेल?" त्यांनी कागद ताईपुढे सरकवला. "पोशाख तुमच्या मशीनवर आहे, आणि बातमी तुमच्या घरातून फुटली. सही करा."

तेव्हा कुठे ताईला उमगलं. तिने भावाकडे पाहिलं. "मी सांगितलं होतं का रे तुला?"

"नाही, ताई. शप्पथ."

"मग झालं." तिने पेन हातात घेतलं. या कामाखेरीज तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही नकोही होतं. भिंगवाला रडकुंडीला आला. "माझ्यावर खटला भरा, काय वाटेल ते करा, पण हिला सोडा!"

"सही करू नका, ताई."

लेखक उठून उभा राहिला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ते पान मी वाचलंय," तो म्हणाला. "पुसलं जायच्या आधी. मला काही केल्या शेवट सुचत नव्हता." वकीलबाईंकडे बघायचं त्याला धाडस होईना. "यांना माझा शेवट कोण कशाला सांगेल? मीच तो यांचा उचललाय."