कोणती तुमची?

शिलाई मशीन तसंच सोडून, गळ्यातल्या टेपसकट आई धापा टाकत नदीवर पोचली, ती थेट होड्यांच्या शर्यतीचा सराव घेणाऱ्या सरांपाशी.

"सर, माझ्या लेकीला आधी होडीतून उतरवा! पायाने अधू आहे ती. तिच्यापायी बाकीच्या पोरी मागे पडतील, आणि टोमणे खायचे तिने."

"उतरवतो की! कोणती तुमची, तेवढी दाखवा."

होडी काठाकडे येत होती. सहा पाठमोऱ्या पोरी, डोक्यावर सारख्या टोप्या, सहाही वल्ही एकाच वेळी पाण्यात. आईने एकीकडे बोट केलं, मागे घेतलं, दुसरीकडे नेलं.

"अहो ताई, नक्की कुणाला उतरवू?"

आई पार गोंधळली.

"लांबून मी तिला चालीवरून ओळखते हो, सर. इथं चालतंय कोण?"