अडतीस तासांवरची बदली

“दीडशे किलोमीटर! आणि म्हणे, घरी जायला लांब पडतं.” हेडक्लार्कने अर्जावर ‘नामंजूर’चा शिक्का हाणला. “अडीच तासांचा रस्ता. यांना काय उंबऱ्यात खुर्ची टाकून द्यायची?”

शेजारचा टायपिस्ट सवयीने हसला.

बदल्यांच्या टेबलावर हेडक्लार्कला अकरा वर्षं झाली होती. कोणतीही दोन शहरं सांगा, मधलं अंतर आणि प्रवासाचे तास तो झोपेतून उठवलं तरी बिनचूक सांगायचा. त्याचा त्याला भारी माज. माणसांबद्दल मात्र त्याचं मत कधीच ठरून गेलं होतं : सगळे रडे. वशिला चालू नये म्हणून अर्जांवर नाव नसायचं, नुसता नंबर. त्याचं त्यावाचून काही अडतही नव्हतं.

पुढचा अर्ज उफराटा निघाला. या नंबरला जवळची नाही, लांबची जागा हवी होती. ‘दोन दिवसांच्या सुट्टीत जाऊन-येऊन होणार नाही, इतकी लांब. सोबत राहणार : आई.’ कारणाचा रकाना कोरा.

“हे बघा ध्यान!” तो टायपिस्टला म्हणाला. “बाप मेलेला दिसतोय. आता म्हातारीला काखोटीला मारून जगाच्या टोकाला निघालंय.”

“देताय?”

“देतो की. हौस फिटू दे. एक हजार नऊशे किलोमीटर. दोन गाड्या बदलायच्या, वर बसचे हाल. अडतीस तास!”

सहा वर्षांत त्या शहरी जायला कुणी तयार झालं नव्हतं. त्याने मंजुरीचा शेरा मारला, आणि खाली आपल्या सुबक अक्षरात भर घातली : ‘पाच वर्षे परत बदली मिळणार नाही.’ असं काही केलं की त्याला कडकडून भूक लागायची.

जेवणाच्या सुट्टीत मुलगी त्याचा डबा घेऊन वर आली. नजरेखाली राहावी म्हणून त्यानेच तिला खालच्या मजल्यावर नोकरीला चिकटवलं होतं.

“अळणी!” पहिल्याच घासाला त्याने तोंड वाकडं केलं. “तीस वर्षांत तुझ्या आईला मीठ कळलं नाही. अक्कल लागते त्यालाही.”

तिने मिठाची पुडी त्याच्यापुढे सरकवली.

“आज एक नग भेटला,” म्हणत त्याने त्या अर्जाची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. सांगताना त्याला स्वतःलाच हसू आवरेना.

“मग? दिलीत जागा, बाबा?”

“दिली! वर पाच वर्षं अडकवून ठेवलंय बेट्याला.”

“साहेबांची सही?”

“माझ्या शेऱ्यावर साहेब डोळे झाकून सही करतात. झालीसुद्धा.”

“बरं,” ती म्हणाली, आणि तिने त्याच्या पेल्यात पाणी ओतलं.

पाच वाजता नावांसकट यादी फलकावर लागली. रडके चेहरे बघायला हेडक्लार्क नेहमीसारखा मुद्दाम खाली उतरला. फलकापाशी गर्दी होती. त्याला बघताच बोलणी थांबली आणि लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. हा मान त्याला आवडला.

म्हातारा शिपाई तेवढा जवळ आला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

“साहेब, ताई एवढ्या लांब निघाल्या, त्यात वहिनीपण सोबत चालल्या. आता तुमच्या जेवणाचं कसं हो?”