पवित्राची झोप

"झोपच लागंना बघा, मॅडम," पवित्रा खुर्चीत टेकता टेकता म्हणाली. "लागली तरी दचकून जाग येतीय."

डॉक्टर वसुमतींनी तिचं बीपी पाहिलं. नॉर्मल. मागच्या खेपेला पोट दुखत होतं, त्याआधी डोकं. रक्ताचे रिपोर्ट मात्र सगळे चांगले होते.

निपाणीची ही पोरगी लग्न होऊन बेंगळुरूत आलेली. नवरा मल्लाप्पा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात शिफ्ट करायचा. राजाजीनगरातल्या या दवाखान्यात ती अलीकडेच यायला लागली होती. राहतेस कुठं विचारलं, की "इथंच जवळ" म्हणून विषय बदलायची.

अंगावर खुणा नव्हत्या. पण तेवढ्यावरून डॉक्टर फसणाऱ्या नव्हत्या. शहाणी माणसं दिसेल अशा जागी मारत नाहीत.

"नवरा कसा आहे गं?"

"चांगले आहेत."

"पितो?"

"न्हाई हो."

"रागीट?"

"अजिबात न्हाई."

उत्तरं फार पटापट आली. आधी सगळ्या बायका हेच सांगतात, डॉक्टरांना हे पक्कं ठाऊक होतं.

दार लोटून उमाकांत आत आले. डॉक्टरांचे यजमान. सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झाल्यापासून दवाखान्याचं काउंटर तेच सांभाळत. पेशंट त्यांना 'सर' म्हणायचे. बायकोपुढं त्यांनी कॉफी ठेवली.

"डॉक्टरीणबाई, निवायच्या आत घ्या. बाहेर लोक खोळंबलेत." मग पवित्राकडं पाहून हसत म्हणाले, "स्वल्प, जरा लवकर, हं."

पवित्रानं ओढणी सावरली. ते बाहेर जाईपर्यंत तिनं मान वर केली नाही. मार खाणारी बाई कुठल्याही पुरुषासमोर अशी आक्रसते. डॉक्टरांचा संशय आणखी बळावला.

मागच्या वेळी ती गेल्यावर उमाकांतांनी विचारलंही होतं, "एवढा वेळ काय सांगत होती ती?"

"ॲसिडिटी," डॉक्टर म्हणाल्या होत्या. पेशंटची गुपितं त्या घरात फोडत नसत.

आता त्यांनी पवित्राला पडद्यामागच्या टेबलावर झोपवलं. पोट तपासायचं निमित्त होतं. आवाज अगदी खाली आणून त्या म्हणाल्या, "पवित्रा, सरळ विचारते. घरात मारहाण होते का?"

तिचे डोळे भरून आले.

म्हणजे अंदाज खरा होता.

"यात बाईची काही चूक नसते. माझ्या ओळखीत एक वकीलबाई आहेत, चांगल्या आहेत. घर सोडायची वेळ आली तर राहायला जागाही बघता येते. पण आधी तोंडानं बोलावं लागतं."

"बोललेलं त्यांना कळलं तर?"

"नाही कळणार."

"कळलं तर आणखी मारतील, मॅडम. मला त्याचीच भीती वाटतीय. म्हणून दरवेळी येते आन् तशीच परत जाते."

"गप्प बसलं म्हणून मार थांबत नाही गं." डॉक्टरांनी आवाज आणखी खाली आणला. "उलट वाढतो. माणसाला कळतं, की ही कुणाला सांगत नाही."

बाहेर उमाकांत कुणाला तरी कन्नडमध्ये 'बसा, बसा' म्हणत होते. पवित्रा उठून बसली. तिनं पडद्याच्या फटीतून दाराकडं पाहिलं, ते बंद असल्याची खात्री केली. मग डॉक्टरांचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"माझा नवरा मला बोटसुद्धा लावत न्हाई, अक्का," ती कुजबुजली. "आम्ही तुमच्याच बिल्डिंगमध्ये राहायला आलोय, तुमच्या अगदी वरच्या फ्लॅटमध्ये. सर तुम्हाला मारतात ते सगळं ऐकू येतं."