खिडकीची जागा

पेणच्या नाक्यावर सकाळी धाटावच्या दोन कंपन्यांच्या बस शेजारी शेजारी उभ्या राहतात. एकीत पोपट बसतो, ड्रायव्हरच्या मागच्या ठरलेल्या खिडकीत. दुसरीत त्याचा शेजारी रवी.

रवीच्या कंपनीने घसघशीत पगारवाढ जाहीर केली आणि पोपटला जेवण जाईना. पगार त्याच्याही कंपनीने वाढवला होता, पण नावाला. बाकीची सगळी वाढ ती पीएफमध्ये टाकणार होती.

"पीएफचं काय लोणचं घालू? म्हातारपणी मिळणार, तवा दात तरी असतील काय तोंडात?" तो बायकोवर खेकसला. "आणि तो रव्या बघ, आता नवी गाडी घेऊन मिरवंल."

"त्याची बायको शीतल तर तुमच्या पीएफवर जळते," वनिता म्हणाली. "कालच बोलली, नशीब काढलंस गो."

पोपटच्या कानात ते शिरलंच नाही. त्याने गुपचूप राजीनामा दिला आणि रवीच्या कंपनीत चिकटला. रवीला मुद्दाम कळू दिलं नाही. त्याचं पडलेलं तोंड बसमध्येच बघायचं होतं.

पहिल्या दिवशी नवा गणवेश घालून पोपट ऐटीत रवीच्या बसमध्ये चढला. रवी कुठेच नव्हता. नव्या माणसाला मागचा बाक, म्हणून तो तिथे जाऊन बसला आणि त्याने सहज बाहेर पाहिलं. शेजारच्या बसमध्ये रवी होता, पोपटच्या जुन्या कंपनीच्या गणवेशात.



आणि साल्याला पहिल्याच दिवशी ड्रायव्हरमागची खिडकी मिळाली होती!