जागेवाल्याच्या वहाणा

“ही तुमची किल्ली,” परशुराम म्हणाला आणि ती भाईच्या हातात न देता ओट्यावरच ठेवून मोकळा झाला.

तीन महिन्यांत तिसरा भाडेकरू!

“पण झालं तरी काय?”

परशुराम साताऱ्याकडचा, कचेरीत कारकून. मालवणी त्याला अर्धीच समजायची. “रोज दिवेलागणीला मागच्या पडवीत कोणीतरी चालतं. पाय घासत, काठी आपटत. शेजारच्या काशीबाई म्हणाल्या, जागेवालो आसा. मला वाटलं, जागेवाला म्हणजे मालक, म्हणजे तुम्हीच! भाडं न्यायला आलात म्हणून दार उघडलं, तर पडवी रिकामी. जागेवाला म्हणजे कोण, ते काल त्यांनी फोड करून सांगितलं. माझी बायको गरोदर आहे हो!”

भाईला फोड करून सांगायची गरज नव्हती. जागेवालो म्हणजे जागेचा राखणदार. तो दिसत नाही, पण त्याला विचारल्याशिवाय जागेत काही केलेलं खपत नाही.

मालवणात भरडावरचं ते घर घेणं ही भाईचीच अक्कल. धाकटा भाऊ बाबली मुंबईला गोदीत होता. त्याची दहा वर्षांची कमाई भाईने त्या घरात घातली होती. ‘बाजाराजवळची जागा, भाडेकरू रांग लावतील,’ असं पत्रात ठासून लिहिलं होतं. आता बाबली गणपतीला येणार. त्याला काय रिकामं घर दाखवायचं?

भाई तारकर्लीला आपल्या घरी पोचला तेव्हा बाबलीची बायको सुगंधा खळ्यात बसून लेकीच्या, कावेरीच्या पायातला काटा सुईने काढत होती. कावेरी पंधरा वर्षांची. रोज चार मैल अनवाणी चालत मालवणच्या हायस्कुलात जायची आणि इंग्रजीचे जादा तास संपवून काळोख पडल्यावर घरी पोचायची. मे महिन्यानंतर शाळा पुरे, असं भाईने सांगून टाकलं होतं. त्या घराची मागची खोली आम्हा मायलेकींना द्या, असं सुगंधा एकदाच म्हणाली होती. “ता भाड्याचा घर आसा, धर्मशाळा नाय!” असा तो तिच्यावर खेकसला होता.

आज मात्र तो तिच्यासमोर खाली बसून सगळं सांगू लागला. सगळं ऐकून सुगंधाने सुई खाली ठेवली.

“भावजी, घर घेतल्यात तेव्हा जागेवाल्याक व्हाणो दिल्यात?”

भाईने कपाळावर हात मारला. “इसरलंय गो!”

“मगे तो बिचारो अनवाणी फिरता,” कावेरी म्हणाली. “काटे टोचत असतले त्येका.”

“गप गो, शिरा पडो तुझ्या तोंडार!” सुगंधा ओरडली.

दुसऱ्याच दिवशी भाईने महादूकडून भल्यामोठ्या वहाणा शिवून घेतल्या. घोंगडी, काठी, नारळ आणि त्या वहाणा मागच्या पडवीत जागेवाल्याच्या धोंड्यापाशी ठेवल्या. डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं. पुढच्या अमावास्येला पुन्हा नारळ ठेवायचं ठरवलं. तोवर त्या पडवीत पाऊल टाकायची त्याची छाती नव्हती.

अमावास्या रविवारी आली, त्या दिवशी भर दुपारी तो गेला. नारळ ठेवायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

वहाणा झिजल्या होत्या! टाचा एका बाजूने पार खाल्लेल्या. अंगठ्याच्या पट्ट्याला घामाचा काळा डाग. त्याने एक वहाण उलटी केली. टाक्यांमधून पांढरी रेती गळली.

भरडावर सगळी तांबडी माती. पांढरी रेती तारकर्लीची.

नारळ तिथेच टाकून भाई पळत सुटला, तो घरी येऊनच थांबला. “सुगंधा गो! तो आपल्या दारापर्यंत येता!”

सुगंधाने तोंडावर पदर घेतला. तिचे खांदे हलत होते. कावेरी ओसरीवर पाठांतर करत होती, तिनेही पुस्तक तोंडासमोर धरलं.

“कित्याक येता असात गो तो?” भाईने विचारलं.

“बोलवूक,” सुगंधा पदराआडून म्हणाली. “भाड्याचा माणूस त्येका नको. दिवो लावूक घरचा माणूस होया. तुमी जावा भावजी, थंयच ऱ्हवा.”

“मी?” भाई दोन पावलं मागे सरला. “माका... माका माडांका पाणी घालूचा आसा. तूच जा. पोरगीक घेवन जा सोबतीक.”

“माका भय वाटता.”

“मी तुझ्या पाया पडतंय गो!”

आठ दिवसांत मायलेकी मागच्या खोलीत राहायला गेल्या. रोज दिवा लागू लागला आणि काय नवल, पावलं थांबली! काशीबाईंनी ग्वाही दिल्यावर पुढच्या दोन खोल्यांत परशुराम बायकोला घेऊन परत आला. त्याचं बाळही तिथेच झालं. गणपतीला आलेला बाबली भरलेलं घर बघून खूश झाला. भाईने मनोमन जागेवाल्याला हात जोडले. कावेरीच्या शाळेचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. राखणदाराच्या घरात राहणाऱ्या पोरीला कोण बोलणार?

वर्ष झालं तसा तो महादूच्या दुकानात गेला. “व्हाणो कर रे, गेल्या वर्षासारख्यो. जागेवाल्याक नव्यो होयो.”

“वैनीन माप कधीच धाडल्यान,” महादू म्हणाला. “पण भाई, एक इचारू? तुमचो जागेवालो ह्या वर्षी आकसलो काय?”

त्याने ऐरणीखालचा कागद काढून भाईच्या हातात दिला. वहीतलं फाडलेलं पान होतं. त्यावर पेन्सिलीने गिरवलेलं एक लहानसं पाऊल. भाईने पान उलटलं. मागे भूमितीचा त्रिकोण होता आणि त्याखाली लाल शाईत मास्तरांचा शेरा : ‘शाबास, कावेरी!’