दोन खुणा

होड्यांना वादळाचा इशारा धाडणारी संगणकावरची स्क्रिप्ट मेलियामेनं घरच्या विंडोजवर दुरुस्त केली होती, पण नेयाफू बंदराच्या हवामान केंद्रातल्या लिनक्सवर ती काही चालेना. वारा वाढत होता. शेजारचे सेमिसीकाका डोकावले. ते जुने टेलिप्रिंटरवाले, तारेनं येणारे-जाणारे संदेश यंत्रावर टंकणारे.

"ओळ संपली की तुझं यंत्र काय करतं गं?"

"घरचं ना? न दिसणाऱ्या दोन खुणा टाकतं. एक ओळीच्या सुरुवातीला मागे जायची, एक खाली उतरायची..." ती थबकली. "अगंबाई! इथं तर एकच चालते!"

तिनं प्रत्येक ओळीतली जादा खूण काढली. इशारा गेला. दुपारी सगळ्या होड्या धक्क्याला लागल्या.

"काका, नेमकी चूक कशी कळली तुम्हाला?"

"मला कुठलं कळतंय, पोरी! लेक होडीवर होता. गप्प बसवेना, म्हणून टेलिप्रिंटरवर ओळ संपली की काय करायचं, एवढंच मला येत होतं, तेच विचारलं."