भरतीचं पाणी

खुब्याच्या ऑपरेशननंतर तात्या बायकोचा हात सोडायला तयार नव्हते. जन्मभर खाडीत उभ्याने होडी चालवलेला माणूस घरातल्या फरशीवर थरथरत होता.

आज व्यायाम घेणाऱ्या बाईंनी जाड, मऊ गादी जमिनीवर टाकली. “हिच्यावर उभे राहा. हलेल, पण घाबरू नका.”

“जमिनीवर जमेना, आणि हिच्यावर?” तात्या पुटपुटत चढले.

गादी डावीकडे कलली, उजवीकडे कलली. त्यांचे गुडघे आपसूक सैल झाले. डोळे मिटले. खोलीत भरतीचं पाणी चढत गेलं, खिडकीतलं ऊन त्यावर डुलू लागलं. बायकोचा हात कधी सुटला, त्यांना कळलंही नाही.

मग त्यांनीच हात पुढे केला, लग्नानंतर तिला पहिल्यांदा होडीत घेताना केला होता तसा. “ये. मी धरतो.”

तिने कोरड्या फरशीकडे पाहिलं आणि निऱ्या घोट्यांच्या वर उचलल्या.